ग्रह पडलाच पाहिजे!

मंडळात काम कमी झालं की किस्से जमायला लागतात. आमच्या इंदिरानगरच्या खगोल मंडळाकडे किस्से भरपूर आहेत, यावरून काय ते समजा! जुने सभासद चहाला भेटले की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा, आणि चहा गार होतो.

आमचे अध्यक्ष भालेराव सर. बारावीच्या फिजिक्सचे क्लास घ्यायचे. फिजिक्स किती येत होतं माहीत नाही, पण आवाज मोठा होता आणि नाशकात तेवढ्यावर अध्यक्ष होता येतं. कार्यक्रमाचा क्रम त्यांनीच ठरवून दिलेला. आधी व्याख्यान, मग अध्यक्षीय समारोप, मग आभार, मग चहा. समारोपात सर वक्त्याला खोडून काढायचे, आणि समारोपानंतर प्रश्न विचारायचे नाहीत असा त्यांचाच नियम!

आभार मानायला कायम विधातेबाई. बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, वाचन दांडगं. पण सरांचं मत, "आभार बाईमाणसानं मानले की बरे वाटतात." बाईंचं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवालं. सरांच्या गळ्यातला हारसुद्धा त्यांच्याच घरच्या झेंडूचा असायचा.

माझ्याकडे माइक. मी एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला, म्हणजे मला माइक येणारच, असा मंडळाचा शास्त्रीय निष्कर्ष.

*

वर्गणी काढून आम्ही दुर्बीण घेतली. उद्घाटनाला गच्चीवर शंभरेक माणसं, पश्चिमेला शनी झकास दिसत होता. म्हटलं, आधी दाखवून घेऊ. सर म्हणाले, "आधी दोन शब्द."

दोन शब्द तासभर चालले. तेवढ्यात शनी समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागे गेला! लोक कुजबुजायला लागले. सरांनी मागे वळून पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाले, "शनी गेला ना? मग चांगलंच झालं की!"

टाळ्या पडल्या. खगोल मंडळात, विज्ञानाच्या नावाने, टाळ्या! मी माइकचं बटण शोधत बसलो.

*

आता खजिनदार खैरनार. मूळचे सटाण्याकडचे, द्राक्षांच्या औषधांचं दुकान. सरांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायचे, पण बसलेले क्वचितच दिसायचे. सरांना पाणी, सरांची शाल, सरांचा चष्मा, सरांची रिक्षा. दिवसभर धावपळ, आणि बोलणं एकच, "सर म्हणता ना, मंग बरोबरच हे!"

एकदा मंडळाचा ग्रुप फोटो काढला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, खैरनार सरांकडे! मी विचारलं, "अहो, फोटोत तरी समोर बघायचं." तर म्हणाले, "फोटोवाल्याचं काय, तो आज येईल न् जाईल. सर रोजचे हे ना!"

तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलेला होता.

*

पंच्याण्णव साली पेपरात बातमी आली. दूरच्या एका ताऱ्याभोवती गुरूसारखा भला मोठा ग्रह सापडला, आणि तो आपल्या बुधापेक्षाही कितीतरी जवळून फिरतो. त्याचं वर्ष जेमतेम चार दिवसांचं! त्या महिन्यात वक्ता मिळेना, म्हणून नाइलाजाने विधातेबाईंना उभं केलं.

बाई सुरेख बोलल्या. म्हणाल्या, "ग्रह ताऱ्याकडे पडतच असतो. पण तो बाजूलाही पळत असतो, म्हणून दर वेळी ताऱ्याला चुकवून पुढे जातो. जितका जवळ, तितकी ओढ जास्त, तितकं जोरात पळावं लागतं. थोडा आत ढकलला गेला तर वेग वाढतो आणि तो परत बाहेर येतो. इतक्या जवळ राहिलं की हळूहळू त्याची वाट गोल होते, आणि त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते."

मला सगळं समजलं. मला समजलं म्हणजे कुणालाही समजलं असणार!

मग समारोप. सरांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि खिळा. खिळा जवळ नेला, टक्‌कन चिकटला. "पाहिलंत? जवळ गेला की पडलाच पाहिजे! ही बातमी टिकणार नाही."

बाई उठल्या. "सर, खिळा तुम्ही हातात धरून नेला होता. ग्रह पळतोय."

"बाई, समारोपानंतर प्रश्न नाहीत. आभार माना."

बाईंनी आभार मानले. मला त्या दिवशी सरांचा जो राग आला तो आजही गेलेला नाही.

*

याहून वाईट पुढेच. बाईंच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि परीक्षक कोण? सर! मुलींनी हाच विषय घेऊन एक मॉडेल केलं होतं. पत्र्याचं मोठं नरसाळं, त्यात गोटी सोडायची. गोटी गोल गोल फिरते आणि भोकाजवळ आली की भन्नाट पळते. मुलींनी सांगूनही टाकलं, "पत्रा गोटीला घासतो म्हणून ती शेवटी पडते, आकाशात घासायला काही नसतं."

सरांनी ऐकून घेतलं. मग बोट घालून फिरती गोटी थांबवली. गोटी भोकात!

"बघा, पडली. चुकीचं मॉडेल."

आता बोट घालून थांबवल्यावर गोटी पडणार नाही तर काय करणार! मागून खैरनार म्हणाले, "पडलीच की वो!" मुली रडायला लागल्या. त्यातली एक बाईंना म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला चुकीचं शिकवलं का?"

बाईंनी सरांचं बाकी सगळं गिळलं असतं. हे नाही गिळलं. मला म्हणाल्या, "मला त्यांच्याकडून माफी नको. या मुलींना भर सभेत कळायला हवं की त्यांचं बरोबर होतं."

त्यानंतर बाईंनी दर वर्षी व्याख्यान मागितलं. दर वर्षी उत्तर एकच, "बाई आभार मानतील."

*

पुढच्या वर्षांत असे ग्रह एकामागून एक सापडत गेले. पेपरवाल्यांनाही त्याचं काही वाटेना. एका बैठकीत मी कात्रणांचा गठ्ठाच सरांपुढे ठेवला. सरांनी तो चाळलासुद्धा नाही. म्हणाले, "परदेशातल्या ताऱ्यांचं मला सांगू नका!"

खैरनारांनी मान डोलावली. ठरावाला अनुमोदन द्यावं तशी.

*

मग मंडळाचा वर्धापनदिन आला. हॉल भरलेला. मागच्या रांगेत त्याच मुली, आता कॉलेजात जाणाऱ्या, बाईंनी मुद्दाम बोलावलेल्या. वक्ते बाहेरचे होते, त्यांनी या ग्रहांवरच भाषण केलं. मग सर समारोपाला उठले. तोच चुंबक, तोच खिळा!

"लक्षात ठेवा," सर गरजले, "इतक्या मोठ्या ताऱ्याच्या इतक्या जवळ कुणीही टिकूच शकत नाही. पडलाच पाहिजे!"

टाळ्या. मी माइक बाईंकडे दिला.

बाईंनी वक्त्यांचे आभार मानले, हॉलवाल्यांचे मानले, चहावाल्याचे मानले. मग म्हणाल्या, "आणि विशेष आभार खैरनारभाऊंचे. इतक्या जवळ कुणी टिकत नाही असं सर आत्ताच म्हणाले. पण भाऊ इतकी वर्षं सरांच्या इतक्या जवळ आहेत, आणि पडलेले नाहीत. कसे टिकले? एकतर ते कायम पळत असतात. आणि दुसरं म्हणजे त्यांचं तोंड कायम सरांकडेच असतं. मुलींनो, तुमचं मॉडेल बरोबर होतं."

आधी मागची रांग हसली, मग सगळा हॉल. वक्तेसुद्धा हसले. सगळ्यांच्या माना खैरनारांकडे वळल्या. खैरनार सरांकडे बघत होते.

सर लालबुंद होऊन उठले आणि माइकसाठी हात पुढे केला. "एक मिनिट, मला यावर बोलायचंय!"

बाईंनी माइक माझ्या हातात दिला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, आभारानंतर चहा असतो."