उलटी तार

शांततेवर इतका संशय घेणारा माणूस माझ्या धाकट्या दिरांशिवाय अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. घरात सगळं सुरळीत असलं की आपण जरा पाय पसरतो. भाऊजी उठून स्क्रू-ड्रायव्हर शोधतात. मोबाईल टॉवरखाली बॅटऱ्यांची खोली असते ना, तिथल्या डीसी यंत्रणेला अलार्मच्या तारा जोडायचा त्यांचा धंदा. वीज गेली, बॅटरी उतरली, कुणी दार उघडलं, की लांबच्या कंट्रोल रूमला खबर लागली पाहिजे. आता कुणीही शहाणा माणूस संकट आलं की घंटा वाजेल अशी तार जोडेल. भाऊजी उलटी जोडतात. त्यांच्या तारेतून करंट सदासर्वकाळ चालू, आणि तो थांबला की बोंब. कारण काय, तर नुसती संकटात बोलणारी तार उंदराने कुरतडली तर तिची खबर कोण देणार? हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की आता मी झोपेतसुद्धा जोडून दाखवीन.

बरं, हे टॉवरपुरतं ठेवावं की नाही? छे! सगळ्या नातेवाइकांनी रोज सकाळी त्यांना मिस्ड कॉल द्यायचा, असा फतवा. एकदा मी डोक्याला मेंदी थापून बसले होते, कॉल द्यायला विसरले, तर हा गृहस्थ मालेगावचं काम टाकून मोटारसायकलवर दारात हजर. मला नीट निरखून म्हणाले, "धडधाकट आहात, मग कळवायला काय होतं?" आणि चहासुद्धा न घेता परत गेले. शिवाय जोडलेली तार खरोखरचं संकट आणून तपासल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. आमच्या इन्व्हर्टरचा भोंगा वाजतो का हे बघायला त्यांनी मी मिक्सरवर चटणी वाटत असताना मेन स्विच पाडला, आणि आवाज आला का म्हणून जिन्यातून ओरडत राहिले. माझं उत्तर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

गेल्या वर्षी सासूबाई सायखेड्याला न्हाणीत घसरून पडल्या. एकट्याच राहतात. मिस्ड कॉल देऊन मग पडल्या, त्यामुळे दुपारपर्यंत भाऊजींनाही पत्ता नाही. हे त्यांना फार लागलं. आमच्या ह्यांनी ठरवूनच टाकलं, आईला नाशिकला आणायचं. सासूबाई म्हणाल्या, "मी हे घर सोडायची नाय." शेवटी भाऊजी मध्ये पडले. टॉवरवरच्या जुन्या बॅटऱ्या आणल्या, सिमकार्डाची डबी बसवली, स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीच्या दाराला तारा जोडल्या. दिवसा दारं बराच वेळ हलली नाहीत की आम्हा सगळ्यांना मेसेज. तार तुटली तरी मेसेज. तपासणी म्हणून स्वतः न्हाणीत कडी लावून आडवे झाले आणि मेसेज येईपर्यंत उठले नाहीत. बाहेर सासूबाई बादली घेऊन त्यांच्या नावाने खडे फोडत होत्या. ह्यांनी मात्र अट घातली, एकदा जरी खोटा मेसेज आला तरी आई नाशिकला.

परवाच्या रविवारी सकाळी आला मेसेज. सायखेडा, लाईन बंद. कणीक परातीत टाकून निघाले मी. नाशिकच्याच द्वारका चौकात गर्दीत अडकलो तेव्हा हे हॉर्नवरचा हात काढेनात. पोचलो तर भाऊजी आमच्या आधी आलेले, आणि सासूबाई वेणीफणी करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या! ह्यांची भीती उतरली आणि राग चढला. असल्या तारेच्या भरवशावर आईला इथे ठेवायचं नाही, आत्ताच्या आत्ता सामान बांधा, असा आरडाओरडा. सासूबाई खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत बसल्या.

मी आत गेले. चुलीशेजारी पातेलंभर पुरण वाटून तयार. एकट्या बाईला इतकं पुरण? भाऊजी कोपऱ्यातल्या डबीपाशी वाकले होते. तार कुठे तुटलेली नव्हती, स्क्रू फिरवून व्यवस्थित काढून ठेवलेली होती, आणि शेजारच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला पुरण लागलेलं होतं. भाऊजींनी ते पँटला पुसलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "दादा, चूक माझी. स्क्रू मीच नीट बसवला नव्हता." मी लग्न होऊन आल्यापासून या माणसाने स्वतःच्या जोडणीत चूक काढलेली ऐकली नव्हती. हेही निवळले, आणि हातपाय धुऊन पानावर बसले.

जेवणं झाल्यावर भाऊजी तार परत जोडायला बसले. स्क्रू अर्धवट फिरवला आणि हात झटकून उठले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, घट्ट आवळा की, पुन्हा निसटली तर हे आईंना खरंच उचलून नेतील.

आत सासूबाई आमच्यासाठी उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधत होत्या. भाऊजींनी तिकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दादाला मी सांभाळतो, वहिनी. पण आवळलेला स्क्रू काढायला तिच्या बोटांत आता जोर नाही राहिला."