कानवालीचं वय

मासळी बाजारात तिला सगळे कानवाली म्हणत. लिलाव उरकला की ती चिमटा घेऊन यायची, माशांची डोकी मागून घ्यायची आणि त्यांच्या कानातला बारीकसा खडा काढून डबीत टाकायची. "आली रे आली, कान सांभाळा!" असं मासळीला ओरडून सांगितल्याशिवाय बर्फवाल्याला चैन पडत नसे. तो खडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यावर वर्षागणिक एकेक वळं दिसतं. माशाचं वय त्यावरून कळतं. ती सागरी जीवशास्त्रज्ञ होती, पण कंत्राटी. दर वर्षी मुदतवाढ, दर वर्षी जीव टांगणीला.

कायम व्हायचं तर पात्रता हवी. आणि पात्रता म्हणजे काय, ते विचारूच नका! आधी म्हणाले, नुसती एमएस्सी चालत नाही, डॉक्टरेट आणा. आणली. मग म्हणाले, शोधनिबंध कमी पडतात. लिहिले. मग समुद्रावरच्या कामाचा अनुभव. बोटीवर पाय ठेवला की हिच्या पोटात ढवळायचं. तरी बादली उराशी धरून तोही मिळवला. शेवटी पोहण्याचा दाखला. चाळिशी उलटलेली ही बाई पोरासोरांच्या वर्गात फळी धरून पाय आपटत होती. "मावशी, नाकात पाणी जातं का?" पोरं विचारायची. जायचं की!

सगळं जमलं आणि एकदाची जागा निघाली. कार्यालयातल्या कारकुनाने तिचा एकेक कागद पाहिला, मान डोलावली आणि जन्मतारखेवर बोट ठेवून थांबला.

"मॅडम, वय बसत नाही. पंचेचाळीसची अट आहे. तुम्हाला पाच महिने जास्त झालेत."

"काही करता येईल?"

"वयाचं कोण काय करणार?" तो बिचारा खरोखर ओशाळला होता.

"बरं," ती म्हणाली.

मग प्रयोगशाळेत जाऊन तिने उरलेले खडे तपासले. राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. दात काढण्याआधी सुई देतात ना, तसं सगळं अंग झालं होतं.

घरी आई वाटच बघत होती. "काय गं, झालं काम?"

"नाही. वय जास्त झालं. पाच महिने."

आई मटकन खाली बसली. "पाचच? अगं, तुझं वय एक वर्षाने वाढवून लावलंय."

"म्हणजे?"

"शाळेत घालताना. शेजारच्या पोरी शाळेत गेल्या की तू दारात बसून रडायचीस. तुझे बाबा म्हणाले, एवढी हुशार पोर घरी कशाला ठेवायची? जन्माचं साल एकाने मागे टाकलं आणि घातलं तुझं नाव. बाहेर फुटायला नको म्हणून तुलासुद्धा बोललो नाही. तुझं वर्ष वाचावं म्हणून केलं गं!"

आई रडायला लागली. कानवालीने शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलतेय, एवढंच तिला कळत होतं.

"म्हणजे तू बसतेस की त्यांच्या अटीत!" आईने एकाएकी डोळे पुसले. "सात महिने शिल्लक आहेत तुझे. चल, मी येते. मी जन्म दिलाय तुला, मला ठाऊक नसणार? मी सांगते त्यांना."

कार्यालय केव्हाच बंद झालं होतं. उघडं असतं तरी तिथे आईच्या शब्दाला कुणी विचारलं नसतं. हे आईला सांगायला हवं होतं. तोवर आई दाराशी जाऊन चपला घालू लागली.

"ऊठ गं!"

ती उठली आणि तिनेही चपला घातल्या.