टेक, माय

संध्याकाळी मी शाळेतून आले की जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या मामी शेजारची फरशी तळहाताने थोपटायच्या आणि म्हणायच्या, "टेक, माय."

'बस' म्हटलं की माणूस हातातली कामं सांगायला लागतो. 'टेक' म्हटल्यावर तसं करता येत नाही. टेकायचं म्हणजे क्षणभरच, लगेच उठायचं. मामींना हे पक्कं ठाऊक होतं. असं क्षणभर टेकता टेकता माझ्या कितीतरी संध्याकाळी त्या पायरीवर गेल्या. खांद्यावरची पर्स खांद्यावरच असायची आणि गल्लीत दिवे लागायचे.

घर मामींचं. खाली त्या एकट्या, वर मी भाडेकरू. मी अहमदपूरची. नवऱ्याचं तिथं दुकान, मुलगी लातूरला शिकायला हॉस्टेलवर, आणि माझी नोकरी नांदेडच्या एका शाळेत, इंग्रजी शिकवण्याची. शनिवारी दुपारी लोह्यावरून एसटीने अहमदपूर, रविवारी संध्याकाळी परत. तीन गावांत वाटल्या गेलेल्या माझ्या संसारात रोज वाट पाहणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्या नात्यातलं नव्हतं.

गल्लीत सगळेच त्यांना मामी म्हणत. नेमक्या कुणाच्या मामी, ते कुणालाच सांगता आलं नसतं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी मामी असेल. उंच, सडसडीत बाई. बोलताना समोरच्याच्या दंडावर बोटं ठेवायची सवय, म्हणजे तो ऐकतोय याची खात्री. लोह्याजवळच्या खेड्यात थोडी शेती होती, ती बटईने दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी 'म्याडम' होते. "टेका म्याडम" असंच चालायचं. मग एका पावसाळ्यात मी तापाने पडून राहिले आणि त्या ज्वारीच्या कण्या घेऊन दोन्ही वेळा वर यायला लागल्या. बरी होऊन खाली उतरले तेव्हा म्याडमची माय झाले होते.

त्यांचा मुलगा एकुलता एक. कोचीनला नोकरीला होता आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं होतं. मामी लग्नाला गेल्या नाहीत.

"बोलावलं नव्हतं का?" मी एकदा विचारलं.

"बोलावलं की. तिकीट बी धाडलं. मी म्हणलं, गुडघे लई दुखून राहिले."

गुडघे दुखत नव्हते. त्या उन्हाळ्यात त्या रोज गच्चीवर मिरच्या वाळवायला चढत होत्या.

"सून काय करते?"

"पव्हायला शिकवती म्हणं." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "तेला बी मास्तरीण लागती का? आमच्याकडं आधी हिरीत पाणी यावं लागतंय."

मी हसले. त्याही हसल्या. मग हातातली लसूण सोलता सोलता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माझा न्हेला तिनं."

पुढच्या वर्षी मुलाला कंपनीने काही महिन्यांच्या कामावर परदेशात पाठवलं, आणि त्याच सुमारास सुनेला दिवस गेले. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलेलं. तिची आई हयात नव्हती, वडील भावाकडे आखातात. मुलगा तिला नांदेडला आणून सोडून गेला. बिंदू तिचं नाव.

"नाव तेवढं आपल्यातलं," मामी मला हळूच म्हणाल्या. "बाकी समदं परकं."

मला वाटलं होतं, हिंदीवर भागेल. पण बिंदूची हिंदी शाळेच्या पुस्तकातली आणि मामींची लहानपणी शेजारच्या मुसलमान घरांतून आलेली. बिंदूने विचारलं, "माँ, क्या आप थक गयी हैं?" मामी म्हणाल्या, "हौ, कायकू?" दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दोन हिंदी एकाच स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि त्यांची ओळख काही पटत नव्हती.

दोन-तीन दिवसांनी मामी वर आल्या. "माय, इंग्रजीतला असा एक शब्द सांग, जो लई कामाला येतो. जास्ती नको. ह्या वयात एकच पाठ होईल."

एवढी वर्षं मी इंग्रजी शिकवतेय, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. 'गेट' सांगावं तर त्यांनी दाराकडे पाहिलं असतं. मी म्हणाले, "टेक."

"ते तर मला येतंच की."

"हा वेगळा, मामी. हा इंग्रजीतला. टेक म्हणजे घे."

मग मी समजावून सांगितलं. चहा घे, टेक टी. गोळी घे, टेक टॅब्लेट. आंघोळ कर, टेक बाथ. आराम कर, टेक रेस्ट. फोटो काढ, तोही टेक. चप्पल काढ, टेक ऑफ. सावकाश कर, टेक टाईम.

मामी बोटांवर मोजत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आपण चहा पेताव, आंगूळ करताव, फोटू काढताव. आन इंग्रजायचं समदंच घेणं? निसतं घेयाचंच माहीत व्हतं की काय त्यायला? देयाला काय म्हणतात?"

"गिव्ह."

"ऱ्हाऊ दे. एकच पुरे."

आणि खरंच तो पुरला. सकाळी वर माझ्या खोलीत आवाज यायचे. "बिंदू, टेक." ताट सरकवल्याचा आवाज. "बिंदू, टेक." दुधाच्या पेल्याचा आवाज. बिंदू पलंगावरून उठायला लागली की, "न्हाई न्हाई, टेक." ह्या वेळी टेक मराठीतला, पाठ टेकून पड असा. बिंदूला यातला कोणता टेक कुठला हे कळत नसणार, पण मामींच्या हाताकडे पाहून ती बरोबर तेच करायची. एकदा त्या तिला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेल्या. आत गेल्यावर मामी तिच्या कानात म्हणाल्या, "माथा टेक." बिंदूने दोन्ही हात पुढे पसरले, काहीतरी मिळणार आहे असं समजून. हे मला सांगताना मामींना हसू आवरत नव्हतं. "शेजारच्या सरदारणीनं बिचारीनं तिच्या हातावर आपल्यातला परसाद ठिवला."

एका गोष्टीला मात्र त्यांचा विरोध होता. 'काळजी घे'ला काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "टेक केअर." मामींचा चेहरा बदलला.

"केर?"

"केअर, मामी. म्हणजे सांभाळणं, जपणं."

"काय बी असू दे. पोटुशा बाईला केर घे म्हणू का मी? दिवसभर तेच तर काढती मी घरातून." आणि तो शब्द त्यांनी तोंडात येऊ दिला नाही.

एका रविवारी संध्याकाळी मी अहमदपूरहून आले, तर पायरीवर कुणी नव्हतं. दार उघडं होतं. आत बिंदू पलंगावर बसली होती, डोळे रडून लाल, समोर बॅग, तीत कपडे कसेबसे कोंबलेले. मामी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

झालं होतं ते असं. दुपारी मुलाचा फोन आला होता. आल्यावर तो बाळ-बाळंतिणीला घेऊन थेट कोचीनला जाणार होता, कायमचं तिथंच राहायचं ठरवलं होतं. तिथं घर घ्यायचंही चाललं होतं. मामींनी फोन ठेवला, बिंदूपुढे जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या दंडावर बोटं ठेवली आणि टीव्हीवर ऐकलेले दोन-तीन शब्द जोडून म्हणाल्या, "यू टेक माय सन."

तू माझा मुलगा नेलास. बिंदूने ऐकलं ते हे. तेव्हापासून ती रडत होती आणि फोनवर गाड्या शोधत होती.

"मला म्हणायचं व्हतं, त्याला सांभाळ," मामी ओट्याकडे पाहतच म्हणाल्या. "एवढ्या लांब ऱ्हाणार, तर त्याला जप. पण तो केर काही तोंडातून निघंना. म्हणून तेवढा गाळला."

मला हायसं वाटलं. "एवढंच ना? मी सांगते तिला."

मी वळले, तर त्यांनी माझा दंड धरला. "थांब. अर्धं नको सांगू." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "तिनं ऐकलं, ते बी खरंच हाय. लगीन झालं त्या दिवसापून माझ्या पोटात हाय. दोन्ही सांग."

वर्गात मी एका शब्दाचे दोन-दोन अर्थ रोज सांगते. त्या दिवशी बिंदूशेजारी बसून मी तिला एकाच वाक्याचे दोन अर्थ सांगितले. पहिला ऐकून तिने डोळे पुसले. दुसरा ऐकून ती रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने इंग्रजीत, सावकाश, मला नीट कळावं अशा बेताने सांगितलं. मी नेलं, हे खरं आहे, ती म्हणाली. पण आई गेल्यापासून मी कुणाचीच नव्हते. इथं येताना मला वाटलं होतं, त्या मला घेतील.

'टेक मी' असेच तिचे शब्द होते.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "मामी, ती म्हणते, तुम्ही तिला घेतलंच नाही."

मामींनी गॅसवर पाणी ठेवलं. कोमट झाल्यावर मीठ घातलं, पातेलं उचलून बाहेर आणलं, पायाने बॅग भिंतीकडे सरकवली आणि पलंगापाशी जमिनीवर बसल्या. बिंदूचे पाय त्या दिवसांत फार सुजायचे. ते त्यांनी आधी स्वतःच्या मांडीवर घेतले. सासू पायांना हात लावतेय म्हणून बिंदू पाय मागे ओढायला लागली.

"ऱ्हाऊ दे, पोरी," मामी मराठीत म्हणाल्या. "मीच लई उशीर केला."

हे मी तिला इंग्रजीत सांगितलं नाही. तशी गरज दिसली नाही.

मुलगी झाली. त्यानंतर त्या घरात जी भाषा सुरू झाली ती मला आजतागायत कळलेली नाही. थोडी मराठी, थोडं मल्याळम, थोडे नुसते हातवारे. मामी बाळाला तेल लावताना बिंदूला काहीतरी सांगायच्या आणि ती खो खो हसायची. मी दारात उभी राहून विचारायची, "काय झालं?" मामी म्हणायच्या, "तुला नाही कळायचं ते." आता सांगायला हरकत नाही, मला थोडं लागायचं.

मुलगा परत आला. जायचं ठरलं. मला खात्री होती, मामी इथंच राहणार. इथं घर होतं, शेत होतं, गल्ली होती. मी मनात कुठंतरी माझंही नाव त्यात धरलं होतं. पण बिंदू त्यांच्याशिवाय गाडीत बसायला तयार होईना. मामींनी सबबी सांगितल्या. बटईवाल्याचा हिशोब राहिलाय, लोणचं अजून मुरलं नाही. बिंदू एकेक ऐकायची, मान डोलवायची आणि मामींच्या साड्या घडी करून बॅगेत ठेवायची. शेवटी मामी मला म्हणाल्या, "चार महिने जाऊन येते. पोर जरा बसाया लागली की आलेच."

मी स्टेशनवर गेले होते. गाडी सुटेपर्यंत मामी खिडकीशी बसून मला वर पाणी कधी येतं, मोटर कधी लावायची, गच्चीच्या दाराची कडी कशी अडकते, हेच सांगत होत्या. मी वर्षानुवर्षं त्याच घरात राहत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला नाही, बाळ मांडीवर होतं. मला राग आला. त्या पोरीने मामींना नेलं, असं माझ्या मनात आलं, आणि आलं तसं मी ते गिळून टाकलं.

चार महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं. बिंदू सकाळी तलावावर शिकवायला जाते आणि नात मामींकडे असते. खालचा भाग भाड्याने दिलाय. माणसं चांगली आहेत. जिन्याशी त्यांची स्कूटी उभी असते, मी अंग चोरून वर जाते. शाळेतून आल्यावर कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, मुलीला लातूरला फोन करायचा. एवढं झालं तरी संध्याकाळ उरतेच.

रविवारी मामींचा व्हिडिओ कॉल येतो. आधी तासभर बोलायच्या. पाऊस किती पडतो, मासे बाजारात कसे मांडतात, भाकरीला ज्वारी मिळत नाही. हल्ली बोलताना मध्येच अडखळतात. मागे एकदा 'चिंच' हा शब्द त्यांना आठवेना. तिकडचा शब्द तोंडात आला, त्यावर स्वतःच हसल्या, आणि मी सांगितल्यावर म्हणाल्या, "हाव, चिंच. बघ, काय व्हाया लागलं मला."

गेल्या रविवारी मी त्यांना सांगत होते की मुलीला पुण्याला प्रवेश मिळतोय, आता तीही लांब जाणार. मामी लक्ष देऊन ऐकत होत्या. तेवढ्यात आतून नातीने हाक मारली, "अच्छम्मा, वा." अच्छम्मा म्हणजे बापाची आई, आणि वा म्हणजे ये, हे मला बिंदूने सांगितलं होतं.

"बोलावून राहिली गं. आलेच," असं म्हणून मामींनी फोन तसाच पलंगावर ठेवला.

पडद्यावर छत दिसायला लागलं. पंखा फिरत होता. आतल्या खोलीतून दोघींचं बोलणं येत होतं, पोरीचं भराभर, मामींचं सावकाश. त्यातलं मला काही कळत नव्हतं. मी फोन बंद केला नाही.