दाजींची नऊ हजारांची काठी

साठी गाठलेल्या माणसानं, ज्याच्या घरात अजून लोखंडी कॉट एकच आहे, त्यानं नऊ हजार रुपयांची खेळायची काठी घ्यावी का? सांगा. लगेच सांगा, विचार करत बसू नका, कारण आम्हीही केला नव्हता. शिरूरच्या आमच्या वस्तीतल्या झाडून सगळ्या शहाण्यांनी एका दमात सांगितलं होतं, न्हाई. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. माझा आवाज मोठाच आहे, त्याला इलाज नाही.

काठी म्हणजे गुरं हाकायची नव्हे. हिरव्या कापडाच्या टेबलावर रंगीत चेंडू ढकलून भोकात पाडतात, त्या पूल नावाच्या खेळाची. चांगली काठी तयार मिळत नाही म्हणे. माणसाच्या मापानं करून घेतात, सदऱ्यासारखी.

घेणारा माणूस भिमाजी तुकाराम ओव्हाळ, मूळचा खुटबावचा. बायको साखरबाई आमच्या वस्तीची लेक, म्हणून भिमाजी सगळ्या वस्तीचा दाजी आणि साखरबाई सगळ्यांची आक्का. दाजीला टोमणे मारायचा हक्क आपल्याकडे जन्मतःच मिळतो. आम्ही तो पुरेपूर वापरला.

दाजी दौंडला साहेबलोकांच्या एका क्लबात सत्तावीस वर्षं मार्कर होते. तिथं बिलियर्ड, म्हणजे पुलाचा थोरला भाऊ, खेळत. मार्कर म्हणजे चेंडू मांडणारा, गुण मोठ्यानं पुकारणारा, आणि साहेबाचा नेम चुकला की "बॅड लक सर" म्हणणारा. साहेबांचं लक फारच बॅड होतं. दाजींच्या तोंडात ते दोन शब्द इतके बसले की पुढं आक्काची भाकरी करपली तरी ते बॅड लक म्हणायचे, आणि लाटणं चुकवायचे.

त्या खोलीत भिंतीला एक शिसवी कपाट होतं. बारा खाचा. खाचेत साहेबाची स्वतःची काठी, खाली पितळी पट्टीवर साहेबाचं नाव. कपाटाला कुलूप, आणि किल्ली दाजींच्या कमरेला. काठ्या पुसणारे दाजी, टोकाचं चामडं झिजलं की नवं बसवणारे दाजी. साहेबाची बदली झाली की जुनी पट्टी उचकटून नव्या साहेबाची ठोकणारेही दाजीच. त्यांची स्वतःची काठी कुठली? मार्करनं खेळायचं नसतं.

पण रोज सकाळी कापडाला ब्रश मारावा लागतो, इस्त्री फिरवावी लागते, आणि मग टेबल सपाट आहे की नाही बघायला दोनचार चेंडू मारून बघावे लागतात. दाजी सकाळी सहाला टेबल तपासायला लागायचे ते आठपर्यंत तपासायचे. पुणे जिल्ह्यात एवढं तपासलेलं टेबल दुसरं नसेल. कुणाच्या बुटाचा आवाज आला की काठी जागेवर आणि दाजींच्या हातात ब्रश.

नव्याण्णव साली क्लबानं ती खोली लग्नाच्या पंगतींना द्यायला काढली आणि दाजींना निरोप दिला. निरोपासोबत एका साहेबाचा जुना कोट. सत्तावीस वर्षांचा एक कोट, तोही दुसऱ्याच्या मापाचा, दाजींच्या गुडघ्यापर्यंत येणारा. आक्कानं तो फाडला आणि त्याची दोन पायपुसणी केली. आक्काला चळवळ कुणी शिकवली नव्हती.

दोघं शिरूरला आले. इकडं केंदूरच्या पोपटरावांची रस्त्याकडेची जमीन विकली गेली होती आणि पैसा घरात मावत नव्हता. त्यांचा मुलगा इंद्रजीत यानं दोन हजार दोन साली स्टँडजवळ टायरच्या दुकानावर पूल पार्लर काढलं. तीन टेबलं, काळ्या काचा, आणि संध्याकाळी गॉगल लावून खेळणारी पोरं. ही पोरं चेंडूला विहिरीत दगड टाकावा तसं मारायची. महिन्यात दोन टेबलांची कापडं फाटली. मग कुणीतरी दाजींचं नाव सांगितलं, आणि दाजी तिथं कामाला लागले. काम अडलं की इंद्रजीत त्यांना "आबा" म्हणायचा, नाही अडलं की "ए भिमाजी".

इंद्रजीतकडं परदेशातून आणलेला क्यू होता. काठीला तो क्यू म्हणायचा. मखमलीच्या पेटीत असायचा. पेटी उघडेपर्यंत इंद्रजीतचा खेळ फार चांगला असायचा. दाजी भिंतीला टेकवलेल्या कुठल्याही वाकड्या काठीनं खेळायचे आणि त्याच्यासकट सगळ्यांना हरवायचे. "आबा, तुम्ही आमच्या टेबलाचं वाटोळं करता," असं तो हसत म्हणायचा. दात दिसायचे, डोळे हसायचे नाहीत.

मग इंद्रजीतनं भिंतीला एक कपाट ठोकून घेतलं. सहा खाचा. ज्याची स्वतःची काठी आहे त्यानं तिथं ठेवायची, खाली नाव लावायचं. दाजींनी ते कपाट महिनाभर पुसलं. आणि एका सकाळी चहा पिता पिता आक्काला म्हणाले, "मला काठी करून घ्यायचीय. पुण्यात कॅम्पात एक जण करतो. नऊ हजार म्हणतोय."

"काठी व्हय?" आक्का म्हणाली. "पाठीत बसंल अशी मी फुकट देते की."

पण ती बोलून गप्प बसली. गप्प बसलो नाही ते आम्ही. दाजींच्या काठीसाठी विहारात बैठक भरली. पाण्यासाठी भरवली तर सात माणसं येतात, काठीसाठी चाळीस आली. हौसराव हे आमचे खजिनदार. ते म्हणाले, "नऊ हजारात विहाराला लोखंडी कपाट येतंय." धुरपदा आजी म्हणाली, "म्हातारा येडा झालाय, दोरा बांधा त्याला," आणि विहारात दोऱ्याची भाषा केली म्हणून तिच्याशी वेगळं भांडण झालं. मी त्या काळात दर रविवारी एक ठराव लिहायचो. हाही लिहिला. त्यात 'सरंजामी छंद' असा शब्द होता. शब्द मला फार आवडला होता, म्हणून दोनदा घातला.

दाजींनी ठराव सगळा ऐकून घेतला. मग मला विचारलं, "ओ कार्यकर्ते, तू मागल्या साली बारा हजाराचा कर्णा घेतलास न्हवं?"

"तो समाजासाठी घेतला, दाजी."

"व्हय व्हय. आन् त्यातनं आवाज कुणाचा येतो?"

चाळीस माणसं हसली. धुरपदा आजी तर टाळ्या वाजवून हसली. मी रागानं ठराव फाडला. दुसरी प्रत होती खिशात, ती नंतर घरी फाडली.

इंद्रजीतच्याही कानावर गोष्ट गेली. तो भर पार्लरात दाजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आबा, कशाला खर्चात पडता? माझा जुना क्यू घ्या की. टोकाला थोडा चिरलाय फक्त. तुम्हाला काय, चालतंय."

पोरांनी वा वा केलं. बघा, किती मोठं मन!

दाजी खांद्यावरचा हात खाली ठेवत म्हणाले, "जुना कोट होता मालक, माझ्याकडं. त्याचं पायपुसणं झालं."

त्याच संध्याकाळी दाजी माझ्या दारात. "उद्या पुण्याला चल. माप देऊन येऊ. घ्यायची का न्हाई ते मागनं बघू. भाव पाडायला माणूस पायजे, आन् तुझ्यासारखा भांडखोर तालुक्यात न्हाई." मी रागात होतो. पण स्तुती ती स्तुतीच. गेलो.

कॅम्पातल्या एका बोळात म्हातारा कारागीर होता. मागच्या खोलीत एक टेबल. दाजींनी आपली मागणी सांगितली: काठी आखूड पाहिजे, हलकी पाहिजे, दोन तुकड्यांत उघडणारी पाहिजे, पिशवीत मावली पाहिजे. मला ते शहाणपणाचं वाटलं. कारागिरानं मान हलवली आणि हातात एक साधी काठी दिली. "पहले खेलके दिखाओ, बाबा."

दाजी वाकले आणि खटकन चेंडू मारला. चेंडू भोकात पडायच्या आत दाजी ताठ उभे, काठी पायाला चिकटलेली, दुसरा हात मागं. चेंडू पडला तेव्हा ते त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते. दाराकडं बघत होते.

"कौन आ रहा है?" कारागिरानं विचारलं.

"कुणी न्हाई."

"फिर मारो."

पुन्हा तेच. चेंडू अचूक पडला, आणि दाजी त्याआधीच उभे. तिसऱ्यांदाही तेच. कारागीर खुर्चीत मागं टेकला. त्याचं म्हणणं एवढंच, की हाताचं माप मी घेतो, पण तुमचा हात पुरता पुढं येतच नाही. तुम्ही अर्ध्यात उठता. आखूड काठी चोरून खेळणाऱ्याला लागते. तुम्हाला कुठल्या मापाची करू ते तुम्ही सांगा.

मी आयुष्यात पुष्कळ दारांसमोर उभा राहिलो आहे. तहसीलदाराच्या, पोलीस पाटलाच्या, कारखान्याच्या. दर वेळी घोषणा दिली. त्या दिवशी मी खोलीबाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो. आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "दाजी, कुणी येत न्हाई. येऊ दे कुणी, मी हाय." एवढंच. तोंड बंद ठेवायला मला किती कष्ट पडतात ते माझ्या घरी विचारा.

आत बराच वेळ आवाज नाही. मग एक चेंडू वाजला. मग भोकात पडल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही, पायसुद्धा हलल्याचा नाही. मग पुन्हा एक. मी बाहेर किती वेळ होतो ठाऊक नाही. बोळातला इस्त्रीवाला मला पहारेकरी समजून आत जायला परवानगी मागायला लागला.

दार उघडलं तेव्हा कारागिराच्या हातात टेप होता. दाजींनी मागितलेल्यापेक्षा माप चार इंचांनी जास्त आलं होतं.

"मग, दाजी? घ्यायची का?" मी विचारलं.

दाजी कारागिराकडंच बघून म्हणाले, "एक सलग करा. पिशवीत न्हाई मावली तर न्हाई मावली."

भाव पाडायला नेलेला मी, एक शब्द बोललो नाही. नऊ हजार म्हणजे नऊ हजार.

दीड महिन्यानं काठी आली. एसटीत दाजींनी ती दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. कंडक्टर म्हणाला, "काय ओ, मासं धरायला चाललाय का?" दाजी म्हणाले, "माझी हाय." प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. पण शिरूरपर्यंत जो जो विचारील त्याला त्यांनी तेच दिलं.

पार्लरातल्या कपाटाच्या तिसऱ्या खाचेत काठी बसली. पितळी पट्टी दाजींनी स्वतःच ठोकली: भि. तु. ओव्हाळ. पट्ट्या ठोकायची सवय होतीच. बघायला अर्धी वस्ती जिना चढून आली. आक्का पण आली. बराच वेळ काठीकडं बघून म्हणाली, "गुळगुळीत हाय. बसंल पाठीत."

तेवढ्यात इंद्रजीतनं हात घातला. "बघू आबा, काय एवढं..."

"न्हाई."

"अहो, नुसती बघतो की."

"बघा की, मालक. डोळ्यानं बघा."

मग आक्का हसली, आणि मग सगळेच. इंद्रजीतचा हात हवेत राहिला होता, तो त्यानं केसांवरून फिरवून खिशात घातला. दाजींची नोकरी गेली असं मला वाटलं. गेली नाही. कापड फाटलं तर नवं बसवणार कोण? उलट तेव्हापासून इंद्रजीत त्यांना "ए भिमाजी" म्हणालेला मी ऐकला नाही.

एकदा काठी हातात द्या, असं मी मात्र तीनदा विचारलं. दार कुणी धरलं होतं, त्याचीही आठवण करून दिली. तिन्ही वेळा न्हाई.

तर आता तुम्ही. पहिल्या ओळीतल्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं होतं ते तुमच्यापाशी ठेवा. शिरूरला कधी आलात तर स्टँडजवळच्या टायरच्या दुकानावरचा जिना चढा. तिसऱ्या खाचेखालचं नाव मोठ्यानं वाचा, दाजी आत असतील तर त्यांना ऐकू जाईल असं. काठी हातात घ्यावीशी वाटेल. आधी विचारा. दाजी न्हाई म्हणतील. ते ऐकून घ्या, आणि हात खिशात घाला.