शेजारणीच्या अंगणातली झेंडी

पुण्यात कसब्यातल्या शाळेत मी पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर सहा महिने मुलाकडे हॉलंडला राहिलो. तेव्हाची एक गोष्ट आमच्या घरात चुकीची सांगितली जाते.

मुलाच्या शेजारी सुरिनामहून आलेली एक विधवा म्हातारी राहायची. तिचे पणजोबा बिहारकडून बोटीने तिकडे उसाच्या मळ्यांत राबायला गेलेले. तिची हिंदी मला अर्धीच कळे. अंगणात बांबूला मारुतीची लाल झेंडी होती, तिच्या नवऱ्याने शेवटच्या पूजेत लावलेली. त्यांच्यात झेंडी काढत नाहीत, आपोआप झिजू देतात. एका शेजाऱ्याने झेंडीच्या फडफडण्याची तक्रार केली.

घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेचा माणूस चौकशीला आला, तेव्हा म्हातारीने त्याला आमच्याकडे आणलं. "हे पंडितजी. हिंदुस्थानातून आलेत. यांना विचारा."

पंडितजी म्हटल्यावर मी खुर्चीत ताठ झालो.

"काढली तर धर्माला बाध येतो का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"शास्त्रात आधार नाही. पुण्यात आमच्याकडे असलं कुणी लावत नाही," मी म्हणालो. वर न विचारता ऐकवलं, "समुद्रापार गेलं की लोक काहीबाही करू लागतात."

त्याने लिहून घेतलं. मी सही केली. म्हातारीला डच येई, इंग्रजी नाही. ती माझ्याकडे बघून मान डोलावत होती.

आठवड्याने संस्थेचे दोघे आले आणि बांबू कापून घेऊन गेले. ती पायरीवर उभी होती.

"तुम्ही सांगितलंत ना, पंडितजी?"

"सांगितलं. हे गोरे ऐकतात कुठे!"

तिने घरात जाऊन माझ्यासाठी रोटी-भाजीचा डबा आणला. मी तो खाल्ला. चव आठवत नाही.

मुलगा अजून पाहुण्यांना सांगतो, बाबा त्या आजींसाठी भांडले होते. मीही ते ऐकून घेत आलो. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला खरं काय ते सांगितलं.

तो म्हणाला, "अहो बाबा, त्या अजून दर दिवाळीला विचारतात, पंडितजी कसे आहेत."

"मग सांग त्यांना."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

तो फोन घेऊन शेजारी गेला. ती खूप वाळली आहे. मोडक्यातोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं, सहीसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"आमची रीत तुम्हाला माहीत नव्हती," ती म्हणाली, "तर माहीत नाही असं का नाही म्हणालात?"

माझ्या उत्तराची वाट पाहून तिने फोन मुलाच्या हातात दिला.