इंगळे सरांची विहीर

इंगळे सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या रांजणापाशी झाली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. साताऱ्याकडून मी मराठीचा शिक्षक म्हणून निघालो, संग्रामपूरला एस.टी.तून उतरलो आणि पुढं बैलगाडीनं त्या लहानशा गावी पोचलो, तेव्हा घशाला कोरड पडली होती. रांजणातलं पाणी तोंडात घेतलं आणि तसंच बाहेर टाकलं. ओसरीवर एक किडकिडीत, काळेसावळे गृहस्थ उभे होते.

"काऊन गुरुजी, काय झालं?"

"पाणी खारं आहे हो."

"पानी खारं नसते. पान्यात खार असते. दोन अलग गोष्टी हायेत," असं म्हणून त्यांनी माझी वळकटी उचलली आणि मला आपल्या घरी नेलं. पुढची पाच वर्षं मी त्यांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत राहिलो.

ते विज्ञान शिकवत. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण असे तीन रकाने त्यांच्या फळ्यावर कायम आखलेले असत. एकदा त्यांचा तास मी खिडकीतून पाहिला. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड त्यांनी एकत्र केली, वर लोहचुंबक फिरवला आणि कीस तेवढा उचलून दाखवला. मग तेच मिश्रण परीक्षानळीत तापवलं. काळा खडा तयार झाला. चुंबकानं तो ढिम्म हलेना. "सर, लोखंड कुठं गेलं?" एका मुलीनं विचारलं. "गेलं नाही, हाय तिथंच हाय. पन आता त्याचा सोभाव बदलला," सर म्हणाले. "वस्तू नावानं वयखू नका, दिसन्यानं त बिलकुल नाही. गुनधर्मानं वयखा." मीठ, तुरटी, धुण्याचा सोडा अशा पांढऱ्या पुड्या ते मुलांपुढं ठेवत आणि ओळखायला लावत. कुणी बोट चाटलं की त्याचा कान पिळला गेलाच म्हणून समजा. "जीभ खोटी साक्ष देते बे. तिले सवय लागते."

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई त्यांची थट्टा करत. "गुरुजी, यायले मीठ जास्त झालं म्हनता येत नाही. म्हनते, द्रावन घट्ट झालं." त्यांना मूलबाळ नव्हतं. ती खंत त्या घरात मी कधी उघड ऐकली नाही.

गावची जुनी विहीर इतकी खारी होती की तिचं पाणी फक्त वापरायला आणि गुरांना. शाळेच्या रांजणात तेच असे, कारण तिथं दुसरं कोण आणून ओतणार? पिण्यासाठी बायका कोसभर चालून नदीच्या वाळूतले झिरे उपसत. मी आलो त्याच वर्षी गावानं श्रमदानानं नवी विहीर खणली. पाणी लागलं तेव्हा वरून तळ दिसत होता. सरपंचांनी तांब्या भरून सरांच्या हातात दिला. "सर, तुमी पास करा."

सरांनी पाणी काचेच्या पेल्यात ओतलं, उन्हाकडं धरलं, वास घेतला. शाळेतून गाळणकागद मागवला आणि त्यातून पाणी गाळलं. कागदावर कणही उरला नाही. मग एक घोट घेतला. जुन्या विहिरीपुढं ते गोडच लागलं असणार. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. "चोख हाय," सर म्हणाले. नारळ फुटला. पहिला हंडा वच्छलाबाईंनी भरला, आणि त्या दिवसापासून बायकांचं नदीवर जाणं बंद झालं.

तिसऱ्या वर्षी गावातल्या दोन धडधाकट माणसांच्या तोंडावर सूज आली, लघवी कमी होत गेली आणि सहा महिन्यांच्या आत दोघंही गेले. मग एका सकाळी वच्छलाबाईंच्या पायातली जोडवी बोटांत रुतलेली दिसली. सर त्यांना खामगावला घेऊन गेले, सोबत मीही होतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?" परतताना एस.टी.त सर माझ्या शेजारी बसले होते. पाण्याची बाटली त्यांनी उन्हाकडं धरली आणि परत पिशवीत ठेवली. वच्छलाबाई ऐन थंडीत गेल्या.

तेरावं झाल्यावर सर शाळेत आले. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला विज्ञानाच्या खोलीत बोलावलं. स्पिरिटच्या दिव्यावर चिनी मातीची बशी होती आणि तिच्यात नव्या विहिरीचं पाणी आटत होतं. पाणी संपलं तेव्हा बशीच्या कडांना आणि तळाला जाड पांढरी खपली धरली होती. सरांनी ती नखानं खरवडली.

"हे गायनकागदातून निंघून जाते, गुरुजी. इरघयलेलं कागदावर अडकत नाही. सातवीच्या पोराले इचारा, तोयी सांगन. आटवून पाहाले अर्धा घंटा लागला असता."

"सर, त्या पाण्यानंच वहिनी गेल्या, असं कशावरून?"

"तसं मी म्हनतच नाही. ते मले ठाऊक नाही. मी पानी वरून निवय दिसलं म्हनून चोख म्हनलो, एवढं मले ठाऊक हाय. अन् बायायनं नदी सोडली ते माह्या सांगन्यावर."

त्याच आठवड्यात पारावर सभा होती. सर उभे राहिले, बशी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "मी चुकलो. हे पानी पिऊ नका." सरपंच हळू आवाजात म्हणाले, "वहिनीच्या दुःखानं सरायचं चित्त ठिकान्यावर नाही." मागून एका म्हातारीनं विचारलं, "मंग आमी काय प्याव, बाप्पा?"

"नदीचं. पयल्यावानी."

"कोसभर हंडा तुमी वाहता काय?" एक तरणी बाई ताडकन बोलली. तिच्या कडेवर लेकरू होतं. काही जण हसले. सर हसले नाहीत. "वाहतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सर सकाळी सायकलला दोन डबे बांधून नदीवर जायचे. ज्या घरात सुजलेलं माणूस होतं, त्या घरी डबे रिकामे करायचे आणि मग शाळेत यायचे. मीही काही दिवस गेलो. नंतर पाठ दुखते म्हणून सोडलं. चार-पाच घरं पुन्हा नदीवर जाऊ लागली. बाकीचं गाव विहिरीवरच राहिलं, आणि त्या बायकांना दोष देण्याचं धाडस मला अजूनही होत नाही.

सर स्वतः मात्र विहिरीचंच पाणी पीत. मी रागावलो तेव्हा म्हणाले, "दोन डब्यात किती मानसं भागतीन, तुमीच हिशोब करा." पाचव्या वर्षी त्यांचे पाय सुजले. वहाणा बसेनात म्हणून ते अनवाणी सायकल चालवत. मग सायकल हातानं ढकलत. मग एके दिवशी नदीच्या वाटेवर बाभळीखाली बसलेले सापडले, डबे भरलेले होते. त्यानंतर नऊ दिवस ते जगले. मी उशाशी असायचो. बोलणं थांबलं होतं. फक्त कुणी पाणी पाजलं की ते डोळे उघडून पेल्याकडं बघायचे.

शोकसभेचा ठराव लिहायचं काम माझ्याकडं आलं, मराठीचा शिक्षक म्हणून. मी सगळं लिहिलं होतं: विहीर, बशी, पारावरची कबुली, सायकल. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि कागद परत दिला. "सभेला सरपंच अध्यक्ष आहेत. विहिरीचं कशाला? गेलेल्या माणसाची चूक कशाला काढायची?"

मी ओळी खोडल्या. सभेत मी वाचलं, 'आमचे सहकारी श्री. इंगळे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. पहिल्या रांगेत ती कडेवर लेकरू घेतलेली बाई होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि डोळे कोरडे असूनही तिच्या पापण्या सुजलेल्या मला स्वच्छ दिसल्या. तरी मी कागदाची घडी केली आणि खाली बसलो.