बोलता येईल तोवरच बंदूक

दुपारचं जेवून ओसरीवर आडवा पडलोय. पोटऱ्या ठणकताहेत. उद्या गावाची रानडुकरांची पारध आहे आणि त्यासाठी आठ महिने मी एकटाच वाळूची गोणी खांद्यावर घेऊन डोंगर चढतोय. डोळे मिटतात न मिटतात तोच गुणाजीकाका पायरीवर उभा. आषाढात आम्हीच त्याला स्मशानात पोचवून आलो होतो.

"चल रे उमो," तो म्हणतो.

पायरी उतरतो तर पायाखाली डोंगराची चढण. गोणी त्याच्या खांद्यावर आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही हा माणूस असाच चढायचा, वाटेतल्या शेतांची नावं मोठ्याने घेत. आवाज तुटला की खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून. बघायला कोणी नाही, तरी कधी चुकवेगिरी नाही. असला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"नावां घे. बोलाक येता तोवरच बंदूक धरूची. धाप लागली काय नेम गेलो."

"आंबेमळो, तळयेची मेर, बावखोल..." मी चढतो. चढण आमच्या शाळेचा वर्ग होते, बाकांमधून आम्ही चढतच असतो. फळ्यापाशी ओहोळ वाहतोय. तो पाहून माझा आवाज तुटतो.

हा आमच्या रानातला दुसरा ओहोळ. गेल्या पारधीत मी धापा टाकत बार काढला आणि डुकरीण नुसती जखमी झाली. ज्याचा बार, त्यानेच रक्ताचा माग काढून जनावर मारून यातनेतून सोडवायचं, ही आमची रीत. मी इथूनच परतलो. छाती फुटत होती. दुसऱ्या दिवशी काका एकटा गेला, तिला शोधून सोडवलं आणि गावाला सांगितलं, "उमोनच माग काढल्यान." मीही गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते.

"काका, खोटं का बोललास?"

"तुका खोटो पाडून तिचो जीव थोडोच परत येतलो?" तो गोणी खाली ठेवतो. "तू डोंगर चढाक लागलंस, ता माका बरा वाटला."

"मग उद्या बंदूक घेऊ?"

तो माझ्या उजव्या खांद्याच्या खळगीत अंगठा जोरात दाबतो. "बंदुकीचो दस्तो हयसर बसाक व्हयो. आणि हयसर काय लपवलेला आसात, तर तो हलतलो."

जाग येते. उन्हं अंगणात उतरली आहेत. माझी बायको शालन चहा घेऊन आली आहे.

"खांद्याक काय झाला ओ?" ती विचारते.

बनियनच्या पट्टीशेजारी अंगठ्याएवढा लालबुंद वळ आहे. मी शर्ट चढवतो.

"पारधीच्या मानकऱ्यांना खरं सांगून येतो," मी म्हणतो. "ती डुकरीण मी शोधली नव्हती, शालन. काकानं शोधली."